भरमार ते एसएलआर : चांद्याच्या जंगलातल्या बंदुकीचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन श्रोत्यांनी विचारले, की तत्त्वज्ञानाच्या माणसाला बंदुकीशी काय करायचे आहे? प्रश्न रास्त आहे. पण गेली काही वर्षे आम्ही चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांचा इतिहास वाचतो आहोत, आणि तो वाचताना एक गोष्ट सारखी समोर येते. या भागाच्या इतिहासात जंगल कोणाचे, या प्रश्नाच्या शेजारीच दुसरा प्रश्न उभा असतो : बंदूक कोणाच्या हातात असावी? हे दोन प्रश्न इथे कधीच वेगळे झाले नाहीत. दुसरा प्रश्न वरवर पोलीस खात्याचा वाटतो, पण मुळात तो नीतीचा आहे. म्हणून तो आमच्याही वाट्याला येतो.

प्रश्न आम्ही असा मांडतो. शस्त्राला मर्यादा लागते, हे सगळेच मान्य करतील. पण ती मर्यादा राहते कुठे? तीन जागा संभवतात. एक, खुद्द हत्यारात : ते हत्यार मुळातच थोडे करू शकते. दोन, कायद्यात : हत्यार बरेच करू शकते, पण सरकार करू देत नाही. आणि तीन, माणसात, म्हणजे त्याच्या गावात, त्याच्या रीतीभातीत, त्याच्या संमतीत. चांद्याच्या जंगलात गेल्या दोनशे वर्षांत ही मर्यादा एका जागेवरून दुसऱ्या जागी कशी सरकत गेली, ते आज बघायचे आहे.

सुरुवात भरमारपासून करू. पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांना ‘ठासणीची बंदूक’ म्हटले की चटकन कळेल. विदर्भाच्या पूर्वेला तिलाच भरमार म्हणतात. नळीच्या तोंडातून दारू घालायची, गजाने ठासायची, वर छर्रे किंवा गोळी घालायची, पुन्हा ठासायची, आणि मग चाप ओढायचा. बार उडाला की ती पुन्हा नुसती लोखंडाची नळी. पुढचा बार भरायचा म्हणजे सगळा खटाटोप पुन्हा पहिल्यापासून. पावसाळ्यात दारू दमट झाली तर तेवढेही नाही.

आता बघा, ही बंदूक बाळगणारा शिकारी कसा वागणार? त्याच्याकडे एकच बार आहे. म्हणजे त्याला जनावराच्या जवळ जावे लागते, वारा ओळखावा लागतो, वाट बघावी लागते. बार चुकला तर जनावर गेले, आणि समोर रानडुक्कर किंवा अस्वल असेल तर जिवाशी गाठ. म्हणून शिकार बहुधा एकट्याची नसे. पारधीला गावच्या गाव निघायचे, हाका करायचा आणि मिळालेल्या मांसाचे वाटे व्हायचे. धनुष्यबाण, कुऱ्हाड आणि भरमार ही हत्यारे एकाच पंगतीतली. त्यातली भरमार जरा जास्त आवाज करणारी, एवढेच.

दुसरी गोष्ट, ही बंदूक दुरुस्त करायला गावाबाहेर फार लांब जावे लागत नसे. लोखंडाचे काम जाणणारा कारागीर तिची डागडुजी करू शकत होता. बंदूक, ती चालवणारा आणि ती सांभाळणारा हे तिघे एकाच पंचक्रोशीतले. म्हणून भरमारची मर्यादा दुहेरी होती. थोडी यंत्रातच होती, कारण बार एकच. आणि थोडी गावात होती, कारण ती कोणाकडे आहे आणि तो कसा वागतो, हे सगळ्यांना ठाऊक होते.

आम्ही हे चित्र रंगवून सांगत नाही, बरं का. एका बारानेही माणूस मरतो. भावकीच्या भांडणात, दारूच्या नशेत, चुकून जाळीत हललेल्या माणसाला जनावर समजून, असे मृत्यू या बंदुकीनेही झालेच. तिच्या अंगभूत मर्यादेचे महत्त्व आम्ही सांगतो आहोत. ती निर्दोष होती, असे आमचे म्हणणे नाही.

आता थोडा राजकीय इतिहास. चांद्याचे गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले. १८१८ मध्ये इंग्रजांनी चांद्याचा किल्ला घेतला. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले वारले आणि १८५४ मध्ये सगळे नागपूर राज्य इंग्रजांनी खालसा केले. त्याबरोबर चांदा जिल्हाही कंपनी सरकारकडे आला. जिल्ह्याच्या पूर्वेला आणि दक्षिणेला मात्र जमीनदाऱ्या होत्या, त्यांत अहेरीची सर्वांत मोठी. या जमीनदारांच्या पदरी हत्यारबंद माणसे असत आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

मग १८५८ साल उजाडले. अहेरीच्या परिसरातल्या मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी गोंड, माडिया आणि रोहिले यांची फौज उभारली आणि राजगड परगण्यावर ताबा मिळवला. १३ मार्च १८५८ रोजी नांदगाव-घोसरी इथे इंग्रज फौजेशी त्यांची गाठ पडली. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. एप्रिलच्या अखेरीस चिंचगुंडी इथे तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला, त्यात दोन इंग्रज मारले गेले. जिल्ह्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यांनी मग अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दबाव आणला, आणि त्यांच्या माणसांकरवी बाबुराव पकडले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली गेली. चंद्रपूरला आजही लोक त्या दिवशी तुरुंगाच्या आवारातल्या पिंपळापाशी जमतात.

या उठावाकडे हत्यारांच्या अंगाने पाहिले तर काय दिसते? नवे सरकार आणि जुनी प्रजा यांच्या हातातली शस्त्रे अजून फारशी वेगळी नव्हती. कंपनीच्या शिपायाची बंदूकही तोंडातूनच भरायची होती. तिची जात सुधारलेली होती, कवायत चांगली होती, पण तत्त्व तेच. डोंगर, झाडी आणि वाटा यांची माहिती असलेला माणूस भरमार घेऊन काही महिने तरी इंग्रजाला दमवू शकत होता. ही गोष्ट इंग्रजांनी पक्की लक्षात ठेवली.

सत्तावनच्या धामधुमीतच हत्यारांवर निर्बंध घालणारा कायदा झाला होता, १८६० मध्ये तो नव्याने आला. पण खरा घाव १८७८ चा. त्या वर्षी लॉर्ड लिटन व्हाइसरॉय होते. एकाच वर्षात तीन कायदे आले : जंगलाचा कायदा, देशी भाषांतल्या वृत्तपत्रांचा कायदा आणि शस्त्रांचा कायदा. आपल्या शाळेच्या पुस्तकांत वृत्तपत्रांचा आणि शस्त्रांचा कायदा एका परिच्छेदात येतात, आणि जंगलाचा कायदा भलत्याच धड्यात, आला तर. पण चांद्याच्या माणसाच्या दृष्टीने ही जोडी फोडता येत नाही. ज्या वर्षी त्याच्या हातातली बंदूक परवान्याखाली गेली, त्याच वर्षी ज्या झाडीत तो ती वापरत होता ती झाडी राखीव करण्याचा अधिकार सरकारने घेतला. राखीव जंगलात सरकारी नियमाबाहेर शिकार करणे हा गुन्हा झाला. बापाने केली ती पारध, मुलाने केली की चोरी.

पुढे काय झाले तेही बघण्यासारखे आहे. वृत्तपत्रांचा कायदा चार वर्षांत, १८८२ मध्ये, रिपन यांनी रद्द केला. शस्त्रांचा कायदा ८१ वर्षे टिकला. आणि जंगलाचा कायदा १९२७ च्या रूपात आजही आपल्या डोक्यावर आहे. ज्यांच्याकडे छापखाने होते त्यांचे गाऱ्हाणे लवकर ऐकले गेले. ज्यांच्याकडे फक्त जंगल होते, त्यांना थांबावे लागले.

शस्त्रांच्या कायद्यात भेदभाव उघड होता. युरोपियनांना परवान्यातून सूट होती, हिंदी माणसाला नव्हती. वर्णावर आधारलेली ही सूट १९२० च्या नियमांनी गेली. मधल्या चाळीस वर्षांत साहेब लोक मध्य प्रांताच्या जंगलात उत्तम रायफली घेऊन फिरत होते, वाघ मारत होते, त्याची पुस्तके लिहीत होते. हाकारे मात्र गावचेच असत. ज्याला भरमार बाळगायला बंदी, त्याच्याच वाटा ओळखण्याच्या कसबावर साहेबाची शिकार चाले.

इथे एक तुलना करू, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यातले कोडव लोक आणि तिथले जम्मा जमिनीचे धारक यांना शस्त्र परवान्यातून सूट आहे. ही सूट इंग्रजांनी १८६१ च्या सुमारास दिली, स्वतंत्र भारतानेही ती चालू ठेवली, आणि २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली. कोडवांच्या सणात बंदुकीची पूजा होते. ते डोंगरी, ते शूर, ते शिकारी. मग गोंड आणि माडिया यांच्यात कोणता गुण कमी होता? फरक गुणांचा नव्हताच. इंग्रजांच्या लेखी कोडव राजनिष्ठ होते, आणि चांद्याच्या गोंडांनी १८५८ मध्ये उठाव केला होता. म्हणजे कायद्याने मोजले ते काय? शस्त्राचा धोका नव्हे, माणसावरचा विश्वास. कायद्यात बसवलेली मर्यादा ही नेहमी अशी असते : ती हत्याराकडे बोट दाखवते आणि माणसाची पारख करते.

राष्ट्रीय सभेनेही हे सहन केले नव्हते. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात शस्त्र कायदा सैल करण्याची मागणी करणारा ठराव झाला. १९३१ च्या कराची अधिवेशनातल्या मूलभूत हक्कांच्या ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क नोंदवलेला आहे. स्वातंत्र्य आले, संविधान सभा बसली, आणि डिसेंबर १९४८ मध्ये हा मुद्दा पुन्हा उभा राहिला. शस्त्र बाळगण्याचा हक्क संविधानात घालावा अशी दुरुस्ती मांडणारे सदस्य होते हरि विष्णू कामत. ते मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी, म्हणजे त्या वेळी चांदा जिल्हा ज्या प्रांतात होता तिथलेच. कराचीच्या ठरावाची त्यांनी आठवण दिली. डॉ. आंबेडकरांनी दुरुस्ती नाकारली. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की कोणीही बाजारात जाऊन हवे ते हत्यार बिनदिक्कत विकत घेऊ लागला तर राज्यकारभार चालणार कसा? दुरुस्ती पडली. उलट, एकत्र जमण्याचा जो हक्क आपल्याला मिळाला, त्याला ‘शांततेने व विनाशस्त्र’ अशी अटच आहे.

आम्हांला विचाराल तर आंबेडकरांचे बरोबर होते. कामतांच्या मनात परकी सत्तेने अपमानित केलेला नागरिक होता, आंबेडकरांच्या मनात शेजाऱ्याच्या बंदुकीला भिणारा दुबळा माणूस होता. १९४८ मध्ये दुसऱ्याची काळजी करणे जास्त गरजेचे होते. बंदुका मोकळ्या केल्या असत्या तर त्या आधी कोणाच्या माडीवर गेल्या असत्या, हे सांगायला नको.

पुढे १९५९ चा शस्त्र कायदा आला. तो १९६२ पासून अमलात आला. त्यात भरमारला एक छोटी जागा आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागितला, तर तो देण्याची तरतूद कलम १३ मध्ये आहे. म्हणजे स्वतंत्र भारताच्या कायद्याने मान्य केले, की एका बाराची ही बंदूक वेगळी आहे, ती शेतकऱ्याच्या हातात शोभते. बोलायला सोपे आहे. प्रत्यक्षात भामरागड किंवा एटापल्लीच्या आतल्या गावातल्या माणसाने जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन अर्ज, चौकशी, नूतनीकरण हे सगळे करायचे, तेही आपली भाषा नसलेल्या भाषेत. अनेकांनी ते केले नाही. बंदूक आढ्याला तशीच राहिली, विनापरवाना. म्हणजे धान राखणारा माणूस कायद्याच्या नजरेत गुन्हेगार म्हणूनच झोपत होता.

इथवर भरमारची कथा झाली. पण मधल्या काळात जगात बंदूकच बदलली होती, आणि तो बदल पुढे या जंगलात येणार होता. म्हणून जरा लांब जाऊन येऊ.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन माणसांनी एकाच वाया जाणाऱ्या गोष्टीकडे पाहिले. बार उडाला की खांद्याला धक्का बसतो. हायरम मॅक्सिम यांनी १८८० च्या दशकात तो धक्काच कामाला लावला आणि आपोआप भरणारी मशीनगन केली. दुसरे अमेरिकेतल्या युटा प्रांतातले जॉन ब्राउनिंग. १८८९ मध्ये एका नेमबाजीच्या वेळी त्यांनी पाहिले, की बार उडाला की नळीच्या तोंडासमोरचे गवत वाकते. गोळी गवताला लागत नाही, वाकवतो तो गोळीमागून येणारा वायू. हा वायू फुकट जातो, तर त्याच्याकडून पुढचे काडतूस भरून का घेऊ नये? सहा वर्षांनी कोल्ट कंपनीची मशीनगन या तत्त्वावर बाजारात आली. पुढची पन्नास-साठ वर्षे जगातले बंदूककार याच विचारावर काम करत राहिले. १९३६ मध्ये अमेरिकेने जॉन गॅरंड यांची रायफल सैन्यात घेतली, १९४९ मध्ये सोव्हिएत सैन्याने कलाश्निकोव्ह घेतली, १९५० च्या दशकात बेल्जियमची एफएएल आली.

आपल्याकडे ही लाट १९६२ नंतर पोहोचली. चीनच्या युद्धात आपले जवान ३०३ रायफल घेऊन लढले. दर गोळीनंतर हाताने बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, मग पुढची गोळी. समोरच्यांकडे आपोआप भरणारी हत्यारे होती. त्यानंतर ईशापूरच्या कारखान्यात एफएएलच्या धर्तीवर आपली एसएलआर बनू लागली : ७.६२ मिलिमीटरची, वीस गोळ्यांची. एसएलआर म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल, स्वतःच स्वतःला भरणारी. दर गोळीला चाप ओढायचा, पण भरण्याचे काम यंत्राचे.

या रायफलीला वायू कमी-जास्त सोडण्याची एक सोय असते. वायू कमी पडला तर यंत्र अर्ध्यात अडते, जास्त झाला तर ते स्वतःलाच ठोकून ठोकून झिजवते. थंडी, धूळ, चिखल यांप्रमाणे हा तोल बदलतो, म्हणून जवानाला तो शिकवतात. हे आम्ही यासाठी सांगतो, की या एका बारकाव्यात दोन बंदुकांमधले अंतर दिसते. भरमारचा तोल हाताच्या अंदाजावर चाले. इथे काडतुसाचा दाब, पोलादाची जात आणि भागांची मापे यांचा मेळ कारखान्यात, चाचणीघरात बसवावा लागतो. तो बसला नाही तर हा दाब चालवणाऱ्याच्याच तोंडावर उलटतो. त्यामुळे अशी रायफल घरी बनवण्याची गोष्ट आपल्याकडे दोन्ही बाजूंनी बंद आहे. एक तर ती माणसाला अपंग करू शकते. दुसरे, विनापरवाना बंदूक बनवणे हा गंभीर गुन्हा आहे : २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे.

तत्त्वाचा मुद्दा असा. ब्राउनिंग यांच्या गवतापासून जो शोध सुरू झाला, त्याने हत्यारातली मर्यादाच काढून टाकली. एक बार आणि दुसरा बार यांच्यामध्ये जो वेळ होता, तो गेला. भरमारवाल्याला पुन्हा भरताना विचार करावाच लागे, निदान तेवढी सवड तरी त्याला मिळे. वायूने चालणाऱ्या रायफलीने ती सवड संपवली. आता मर्यादा फक्त दोनच जागी राहू शकते : कायद्यात, नाहीतर माणसात.

आणि नेमका १९८० च्या सुमारास हा प्रश्न गोदावरी ओलांडून आला. सिरोंच्याच्या बाजूने नक्षल दलांनी जंगलात पाय ठेवला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, तो या चळवळीबरोबरच वाढला. तेंदूपत्त्याची मजुरी, बांबूचे दर, वनरक्षकांचा जाच ही गाऱ्हाणी खरी होती, १८७८ पासूनची होती. पण गाऱ्हाण्यासोबत रायफलही आली. पोलिसांकडून हिसकावलेल्या ३०३, मग एसएलआर, मग एके-४७ आणि इन्सास. सरकारने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सी-६० पथके उभारली, त्यांत स्थानिक तरुण घेतले. दोन्ही बाजूंना गोंड-माडिया मुले, आणि दोन्ही बाजूंच्या हातात कारखान्यातली रायफल. ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. १३ नोव्हेंबर २०२१ रोजी मर्दिनटोल्याच्या जंगलात २६ नक्षलवादी मारले गेले. या आकड्यांतली बरीच नावे एकाच बोलीतली आहेत.

आणि भरमारचे काय झाले? ती मध्ये सापडली. दलाची माणसे गावातल्या तरुणांना मिलिशियात ओढत आणि त्यांच्या हातात भरमार असे. त्यामुळे पोलिसांच्या लेखी भरमार हे नक्षल्यांचे हत्यार ठरले. ज्याच्या घरात आजोबाच्या वेळची बंदूक आहे, त्याने ती दाखवली तर गुन्हा, लपवली तर संशय, आणि दलाने मागितली तर नाही म्हणण्याची सोय नाही. डुकरे हाकायची बंदूक जिवावरचे ओझे होऊन बसली.

गेल्या काही वर्षांत गडचिरोलीच्या आतल्या भागातल्या बऱ्याच गावकऱ्यांनी आपल्या भरमार बंदुका स्वतःहून पोलिसांकडे जमा केल्या. बातमी आतल्या पानावर येते, सोबत एक फोटो असतो : टेबलावर गंजलेल्या नळ्या, मागे उभी माणसे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षल चळवळीतले ज्येष्ठ नेते मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे ठेवली, ती बातमी पहिल्या पानावर आली. साहजिकच आहे. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हांला पहिली बातमीही तेवढीच मोठी वाटते. १८६०, १८७८ आणि १९५९ च्या कायद्यांनी जे झाले नाही, ते या गावांनी स्वतःच्या निर्णयाने केले. मर्यादा तिसऱ्या जागी, माणसात, आली.

पण इथे थांबलो तर ते सरकारी भाषण होईल. ज्याने बंदूक दिली, त्याचे डुक्कर अजून शेतात येतेच आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद केली, ते गरजेचेच होते. ताडोब्यात शिकारबंदी १९३५ पासून आहे, १९५५ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले, आणि वाघ टिकला तो त्यामुळेच. परंतु वाघाच्या टिकण्याची किंमत ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या तालुक्यांतली माणसे मोहफुले आणि तेंदूपाने वेचताना देत आहेत. कापणीला आलेले धान एका रात्रीत कळप तुडवून जातो. त्याची नुकसानभरपाई अर्ज, पंचनामा, खाते या वाटेने येते. ती वेळेवर आणि पुरेशी मिळते की नाही, यावर त्या गावाने दिलेली बंदूक परत आढ्याला जाईल की नाही हे ठरणार आहे. विश्वासाने दिलेली गोष्ट विश्वास मोडला की परत घेतली जाते, यात नवल नाही.

म्हणून या इतिहासाचा दुसरा अर्धा भाग बंदुकीबाहेर शोधावा लागतो. १८७८ मध्ये दोन गोष्टी एकत्र काढून घेतल्या होत्या, हत्यार आणि जंगल. हत्यार परत द्यावे असे आम्ही म्हणत नाही, आंबेडकरांचे उत्तर आम्हांला पटते हे वर सांगितलेच. पण जंगल परत देता येते. २००६ च्या वनहक्क कायद्याने ती वाट उघडली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, एप्रिल २०११ मध्ये बांबू नेण्याचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. त्या गावात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचेही नाही असेल तर विषय पुढे ढकलतात, पुन्हा बसतात.

ही पुन्हा बसण्याची सवड आम्हांला महत्त्वाची वाटते. भरमारच्या दोन बारांमध्ये जी सवड होती, तीच ही, फक्त आता ती नळीत नाही, सभेत आहे. यंत्राने जी काढून घेतली, ती माणसांना आपसांत बसून पुन्हा निर्माण करावी लागते. कायदा तिला जागा देऊ शकतो, हुकूम देऊन ती तयार करू शकत नाही.

आज कचेरीच्या टेबलावर पडलेल्या त्या गंजक्या नळ्या भंगारात जाण्याआधी कोणीतरी त्यांची नोंद करावी, अशी आमची सूचना आहे. कोणत्या गावची, कोणत्या कारागिराच्या हातची, कशासाठी वापरली. नाव-गाव शिक्षेसाठी विचारायचे नाही, इतिहासासाठी विचारायचे. चांद्याच्या जंगलाने राज्य गमावल्यावर, जंगल गमावल्यावर जे एक हत्यार जवळ ठेवले होते, ते त्याने आपणहून खाली ठेवले. त्याची पोच द्यायला हवी, आणि ती पोच पावतीने पुरी होत नाही.

पुढच्या व्याख्यानात याच जिल्ह्यातल्या जमीनदाऱ्यांचा विषय घेऊ. प्रश्न असतील ते नेहमीप्रमाणे लिहून पाठवा.